चुलीपाशी लागलेली होडी

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. हे मी सांगायला लागले की ओळखीचे लोक म्हणतात, किती वेळा सांगशील. त्यांच्याकडे तीन-चार पिढ्या शिकलेल्या, त्यामुळे त्यांचं सांगून संपलंय. माझं अजून संपलेलं नाही.

बाबा वऱ्हाडातून पुण्याला आले ते मार्केट यार्डात पोती उचलायला. बिबवेवाडीत आमच्या दोन खोल्या. घरात छापील कागद म्हणजे रेशनकार्ड, भिंतीवरचं कॅलेंडर आणि माझी पाठ्यपुस्तकं, तीही दुसऱ्याकडून घेतलेली. कवितेचं पुस्तक विकत आणायचं असतं हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि कळलं तरी आणलं नाहीच. मी कविता उतरवून घ्यायची. लांबट दोनशे पानी वही, निळ्या शाईत कविता, खाली उजव्या कोपऱ्यात लाल शाईत कवीचं नाव. अशा वह्या तेव्हा बऱ्याच जणींकडे होत्या. एकमेकींना द्यायच्या, आणि वही परत करताना शेवटच्या पानांवर आपल्याकडची एक कविता लिहून द्यायची, ते तिचं भाडं. माझी वही सगळ्यांत जास्त फिरायची. आर्ट्सच्या हॉस्टेलच्या मुली तर परीक्षेच्या आधी नंबर लावायच्या, कारण माझ्याकडे जे होतं ते कुणाकडे नव्हतं. मी स्वतः बी.एस्सी.ला, गणित विषय. पण कवितेसाठी माझ्याकडे यावं लागायचं. याचा मला फार अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

ही श्रीमंती माझी नव्हे, चाचांची.

स्वारगेटजवळच्या एका गल्लीत त्यांचं बाइंडिंगचं दुकान. मी कॅल्क्युलसचं सुटलेलं पुस्तक शिवायला घेऊन गेले होते. दुकानात जुन्या वाचनालयांच्या पुस्तकांचे गठ्ठे पडलेले. चाचा त्यांचे टाके काढत, पानं मोकळी करत, आणि मोकळी करता करता वाचत. आवडली कविता की उरलेल्या कागदावर उतरवत. पुस्तक दुकानात असेल तेवढेच दिवस हातात, त्यामुळे अक्षर घाईचं, पण स्वच्छ. चार कागद मधोमध दुमडले की सोळा पानांची एक घडी होते, तिला फर्मा म्हणतात. असे बरेच फर्मे जमल्यावर त्यांनी एकदा सगळे एकत्र शिवून, वर हिरवं कापड लावून जाडजूड वही केली होती.

मी ती मागितली, तर म्हणाले, "आधी हात दाखव."

दाखवले.

"वडापाव खाऊन नाही ना आलीस?"

"मला नाही आवडत वडापाव."

"पुण्यात राहून? मग तुझ्यावर जरा जास्तच लक्ष ठेवलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी वही वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. "पंधरा दिवस. पान दुमडायचं नाही, थुंकी लावून उलटायचं नाही."

ती सगळी वही मी दिवाळीच्या सुट्टीत उतरवून काढली. आई फराळाचं करत होती आणि मी दारात बसून लिहीत होते. त्यातच ती कविता होती.

एक बाई पहाटे उठून चूल पेटवते. लाकडं ओली, धूर काही केल्या कमी होत नाही, डोळे चुरचुरतात, घर अजून झोपलेलं. आणि मग, कवितेच्या बरोबर मध्यावर, त्या धुरातून एकदम पाणी येतं. समुद्र, धुकं, आणि धुक्यातून वाट काढत किनाऱ्याला लागणारी एक होडी. संपलं. खाली कवीचं नाव.

मी ती पुन्हा पुन्हा वाचली. चुलीवरून समुद्रावर कशी उडी मारली बघा! ही नवी कविता, ती सांगत बसत नाही, असं मी स्वतःला समजावलं. नंतर इतरांना समजवायला लागले. बाई चुलीपाशी अडकली आहे, तिचं मन मात्र होडी होऊन किनारा शोधतंय. असं मी किती जणींना सांगितलं असेल! सांगताना समोर माझी आई दिसायची. तिने समुद्र पाहिला नव्हता. मीही नव्हता पाहिला.

पदवी मिळाली, वर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला लागले. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या. कामात मी चोख होते. पण मीटिंगमध्ये इंग्रजी बोलायची वेळ आली की मी अडखळायची. बाकीचे फाडफाड बोलायचे, आणि माझं वाक्य तयार होईपर्यंत विषय बदललेला असायचा. कुणी हसायचं नाही, तेवढे ते सभ्य होते. थांबायचे, माझ्याकडे बघायचे आणि वाक्य माझ्यासाठी पूर्ण करून टाकायचे. ते जास्त लागायचं.

कंपनीच्या बसमध्ये मात्र वेगळं होतं. स्वारगेट ते हिंजवडी, ट्रॅफिकमध्ये दीड तास कुठे गेला नाही. मी वही काढायची. आधी शेजारची ऐकायची, मग पुढच्या सीटवरचे मान वळवायचे. तीच इंग्रजी बोलणारी मंडळी मला म्हणायची, "प्रोफेसर, आज काय आहे?" होडीची कविता तर पुन्हा पुन्हा मागायचे. त्या बसमध्ये मी कुणाच्याही मागे नव्हते. अख्ख्या कंपनीत माझी अशी ती एकच जागा होती.

म्हणून कंपनीतल्या मराठी मंडळाने मराठी दिनाचा कार्यक्रम ठरवला तेव्हा नाव माझंच निघालं. मंडळाचा सेक्रेटरी एक डेव्हलपर होता, अस्सल पुणेकर. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "तुम्ही ती होडी वाचा, अर्थही सांगा. बारा मिनिटं. तेराव्या मिनिटाला मी माइक बंद करतो, मनाला लावून घेऊ नका."

"पाहुणे कोण आहेत?"

"विद्यापीठातून निवृत्त झालेल्या एक बाई. आयुष्यभर आधुनिक कविता शिकवली. त्या कुणाचं कौतुक करत नाहीत असं ऐकलंय, म्हणून तर बोलावलं. कविता कार्डावर छापायला दिली आहे. फक्त कोणत्या संग्रहातली ते सांगा, बाईंनी फोनवर विचारलंय."

संग्रह मला माहीत नव्हता. चाचांच्या वहीत कवीचं नाव असे, पुस्तकाचं नसे. त्यात काय, बघून सांगते म्हटलं. शनिवारी सकाळी शहरातल्या एका जुन्या वाचनालयात गेले आणि त्या कवीचे तिन्ही संग्रह टेबलावर मागवले. अनुक्रमणिका बघितल्या. कविता नाही. पुन्हा बघितल्या. मग पान न् पान चाळायला लागले, तर दुसऱ्या संग्रहाच्या शेवटी-शेवटी माझी होडी सापडली. तेच धुकं, तोच किनारा, त्याच शेवटच्या ओळी. पण कवितेचं नाव वेगळंच, आणि सुरुवातीला दीपगृहावरचा म्हातारा रखवालदार. त्याचा कंदील, त्याची गुडघेदुखी, त्याचं वाट बघणं. चूल नाही, बाई नाही, धूर नाही.

काउंटरवरच्या गृहस्थांना चुलीच्या कवितेचं नाव सांगितलं. त्यांनी खुर्चीतून न उठता बोट दाखवलं. "तिसरं कपाट, खालून दुसरा खण. पण कवी वेगळे आहेत."

कवी वेगळेच होते. तिथे माझी बाई पहाटे उठत होती, चूल पेटवत होती, धुराने चुरचुरणारे डोळे पुसत होती. पुढे मला कधीच न भेटलेल्या वीसेक ओळी होत्या आणि त्यात समुद्राचा एक थेंब नव्हता.

दोन कवींच्या दोन कविता, एकीचं डोकं आणि दुसरीचं धड, आणि त्याचा अर्थ मी सात-आठ वर्षं डोळ्यांत पाणी आणून लोकांना सांगत आले होते. आता तो आयुष्यभर कविता शिकवलेल्या बाईंसमोर सांगायचा होता, सगळ्या कंपनीच्या देखत. आणि मी टेस्टिंगमध्ये. चुका शोधण्याचा पगार घेणारी.

दोन्ही कविता पेन्सिलीने पूर्ण उतरवून घेतल्या आणि तडक चाचांकडे गेले. माझी चूक आहे की त्यांची, हे मला आधी जाणून घ्यायचं होतं.

चाचांनी हिरवी वही काढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ते पान उघडलं. वाचलं नाही. वहीच्या कण्याकडे बघितलं. फर्मे ओळीने लागावेत म्हणून बाइंडर प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडा टाकतात. चाचा नखाने एकेक आकडा दाखवत गेले. पाच. सहा. मग नख थांबलं.

"सहानंतर आठ," ते म्हणाले.

सातवा फर्मा शिवायचा राहिला होता. चुलीच्या कवितेचा उत्तरार्ध, मधल्या कविता आणि दीपगृहाच्या कवितेची सुरुवात, सगळं त्या सोळा पानांत गेलं होतं. सहाव्याचं शेवटचं पान धुरात संपत होतं आणि आठव्याचं पहिलं धुक्यात सुरू होत होतं. मी दोन्ही सलग उतरवलं.

"तुम्हाला कधी लक्षात नाही आलं?"

"मी वाचतो ते पुस्तक सुटं असताना. शिवल्यावर वाचायला वेळ कुणाला आहे?" त्यांनी वही मिटली. "तीस वर्षांत वाचनालयाचं एक पान इकडचं तिकडे केलं नाही. आणि स्वतःची वही शिवताना सोळा पानं गिळली." मग म्हणाले, "तू सरळ सांग, बाइंडरची चूक आहे. दुकानाचं नाव घे हवं तर. गिऱ्हाइकं तशीही कमीच झालीत."

खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. चूक माझी नाही म्हणून. आणि बरं वाटल्याची लाज गल्लीच्या तोंडापर्यंत यायच्या आत वाटली. या माणसाने मला पैसे न घेता पुस्तकं दिली होती. फर्मा त्यांनी गाळला, पण तो अर्थ कुणी लावला होता? धुरातून समुद्र आला तेव्हा, हे असं कसं, असं विचारायचं सोडून मी टाळ्या वाजवल्या होत्या.

घरी आल्यावर वाटलं, त्या दिवशी ताप आला म्हणून सांगावं. बाबा जेवायला बसले होते. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, तसं मी सगळं सांगितलं. त्यांना वाचता येत नाही. पण गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळली.

"मंग काहून भेते व तू? कार्डावर चुकीचं छापलं, तं उभी राहून बरोबर वाच."

"लोक हसतील, बाबा."

"हसतीन. मी पोतं घेऊन पडलो होतो तवा अख्खं यार्ड हसलं होतं. दुसऱ्या दिवशी कोणाच्या ध्यानात नव्हतं. तुले वाचता येते म्हणून तं बोलावलं त्याहीनं. येते ना वाचता?"

"येतं."

"मंग झालं." आणि त्यांनी वरण वाढून मागितलं.

कार्यक्रम कॅफेटेरियात होता. टेबलं भिंतीला लावलेली, खुर्च्यांच्या रांगा, आणि प्रत्येकाच्या हातात ते गुळगुळीत कार्ड. पाहुण्या बाई पहिल्या रांगेत, पांढरी सुती साडी, चष्म्याला दोरी. त्या कार्ड वाचत होत्या. माझं नाव पुकारलं तरी त्यांनी मान वर केली नाही. माझे हात इतके गार पडले होते की माइकचा दांडा मला गरम लागला.

"तुमच्या हातातल्या कार्डावरची कविता," मी म्हणाले, "कुणीच लिहिलेली नाही."

लोक हसले. त्यांना वाटलं, प्रोफेसरने जोरदार सुरुवात केली. मग मी सांगत गेले. वही, उतरवलेल्या कविता, मधली सोळा पानं नसलेली दुसरी वही, त्यातून जोडली गेलेली दोन तुकड्यांची कविता. चाचांचं नाव घेतलं नाही, दुकानाचंही नाही. म्हटलं, पानं कुणाकडूनही राहू शकतात, पण वाचायला मला येत होतं आणि मी नीट वाचलं नाही. इतकी वर्षं मी तुम्हाला बसमध्ये जो अर्थ सांगत आले, तो माझ्या मनाचा होता.

मागून कुणीतरी ओरडलं, "बग सापडला!" सगळा कॅफेटेरिया हसला. ते हसू वाईट नव्हतं, एवढं मला त्या घाबऱ्या अवस्थेतही कळलं.

बाईंनी हात वर केला. हसू थांबलं.

"तुमचं कॉलेज कोणतं होतं?"

मी सांगितलं.

"ही वही तुम्ही कुणाला दिली होतीत?"

"बऱ्याच जणींना. आर्ट्सच्या हॉस्टेलच्या मुलींना जास्त."

"अस्सं." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे त्या तुम्ही."

मला पळून जावंसं वाटलं. बाई उठून प्रेक्षकांकडे वळल्या. "मी विद्यापीठाचे पेपर तपासायचे. सलग तीन वर्षं आधुनिक कवितेच्या उत्तरात ही होडी चुलीपाशी येऊन लागत होती. आधी मला वाटलं, मुलींनी एकमेकींचं बघून लिहिलंय. मग वाटलं, कुणीतरी भिकार गाइड काढलंय. बाजारातली सगळी गाइडं धुंडाळली. शेवटी वाटायला लागलं, अशी कविता असेलही, माझ्याच वाचनातून निसटली असेल. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला असं वाटणं काय असतं, ते तुम्हाला नाही कळायचं. मी कुणाला विचारलंसुद्धा नाही. लाज वाटली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, हे कोडं काही सुटलं नव्हतं. आज सुटलं. आभारी आहे."

"तुम्ही त्यांचे मार्क कापलेत का?" मला राहवलं नाही.

"निम्मे दिले. कोणत्या निम्म्या कवितेचे, ते लिहिलं नाही."

आता त्याही हसत होत्या. हुश्श म्हणतात ते हेच, मी मनात म्हटलं. सगळं सांगून झालं होतं आणि मी उभीच होते, छतही जागच्या जागी होतं.

"आता दोन्ही वाचा," बाई बसता बसता म्हणाल्या. "पूर्ण."

मी दीपगृह वाचलं आणि मग चूल. त्या कवितेचा शेवट मी लोकांसमोर पहिल्यांदाच वाचत होते. धूर निवळतो, बाई तव्यावरची पहिली भाकरी काढते आणि कुणाला हाक न मारता तिथेच बसून ती गरम भाकरी स्वतः खाते. बस, एवढंच. वाचता वाचता मला कळलं की माझ्या होडीपेक्षा हे अवघड आहे. आमच्या घरात पहिली भाकरी आईने खाल्लेली मी कधी पाहिली नव्हती. तेरा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती आणि माइक चालूच होता.

परतीच्या बसमध्ये कुणीतरी म्हणालं, "प्रोफेसर, वही?" मी म्हटलं, आज झोपू द्या, आणि हिंजवडीच्या फाट्यापासून स्वारगेटपर्यंत खरंच झोपले.

रविवारी मी एक फोन केला. हॉस्टेलमधली माझी मैत्रीण, आता नागपूरला शाळेत शिकवते. तिने ती कविता उतरवून घेतली होती आणि पेपरातही लिहिली होती, हे मला पक्कं आठवत होतं.

"अगं, तुझे मराठीचे मार्क माझ्यामुळे गेले," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे पेपर तपासणाऱ्या बाईला कविता कळत होती?"

"चांगलीच कळत होती."

"आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगतेय की तिला नवी कविता झेपली नाही!" ती हसायला लागली. हसणं थांबेना. मी तिच्या चिडण्याची वाट बघत होते, पण ती काही चिडली नाही. "बरं, मग ती चुलीपाशची बाई करते काय शेवटी?"

"पहिली भाकरी स्वतः खाते. गरम. बसून."

"आणि बाकीचे?"

"झोपलेले आहेत."

"चांगलंय की," ती म्हणाली. "थांब, वही आणते. एकदम भराभर सांगू नकोस."

मी कागद समोर ठेवला आणि ओळ जिथे तुटते तिथे थांबत थांबत सांगायला लागले.